घरभर हुकूम चालवणारं लहान मूल: ते काय धरून बसलं आहे हे कसं ओळखायचं, आणि मग काय करायचं

"मॅडम, हा आम्हाला घरात बसू-उठूसुद्धा नाही देऊन राहिला." पालक माझ्याकडे येतात तेव्हा बोलणं बहुतेक वेळा असंच सुरू होतं. मी नागपुरात विशेष शिक्षिका आहे. मानेवाडा रोडवरच्या माझ्या खोलीत दोन ते सहा वर्षांची मुलं येतात, काहींच्या घरी मी जाते. यातल्या पुष्कळ मुलांचं अजून निदान झालेलं नसतं. कुणाचं बोलणं उशिरा आलेलं असतं, कुणी खूप बोलतं पण त्याच्याशी गप्पा होत नाहीत. अशा मुलांच्या आई-बाबांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि बालवाडीच्या बाईंसाठी हे लिहिते आहे.

हुकूम कसले असतात ते आधी सांगते, म्हणजे आपल्या घरातलं चित्र यात बसतं का ते कळेल. फ्लॅटची बेल मीच वाजवणार. बाबांनी चुकून वाजवली तर सगळ्यांनी परत खाली जायचं, लिफ्टनं वर यायचं आणि मग त्यानं वाजवायची. वरण भाताला लागता कामा नये. पोळीचा तुकडा आईनं मोडला की ती पोळी बाद. दुसरी अख्खी पोळी दिली तरी रडणं थांबत नाही, कारण त्याला तीच पोळी न मोडलेली हवी असते. आजीनं गुणगुणायचं नाही. आई फोनवर बोलायला लागली की तिच्या तोंडावर हात. त्रिमूर्तीनगरला जाताना स्कूटी छत्रपती चौकातूनच गेली पाहिजे. बस-बस खेळताना शेजारच्या मुलीनं प्रवासी व्हायचं, सांगितलेल्या जागीच बसायचं, आणि तिनं काय बोलायचं तेही हाच ठरवणार. ती उठली की खेळ मोडला, कधी तिला फटकाही बसतो.

माझं म्हणणं असं आहे की या मुलाला तुमच्यावर राज्य करायचं नसतं. पुढच्या पाच मिनिटांत काय होणार आहे, याची खात्री त्याला हवी असते. ती मिळवण्याचा त्याला सापडलेला उपाय म्हणजे माणसं आणि वस्तू जागच्या जागी धरून ठेवणं. अंधाऱ्या जिन्यात आपण कठडा जसा घट्ट पकडतो, तसा त्याचा नियम असतो. कठडा हिसकावून घेतला तर पकड आणखी घट्ट होणार. म्हणून आधी उजेड करायचा, मग एकेक बोट सोडवायचं. हा क्रम उलटा केला की घरात रोज लढाई होते.

वयाचा हट्ट कुठला, आणि काळजी करावी असा कुठला

दीड ते साडेतीन वर्षांच्या दरम्यान प्रत्येकच मूल "मी करणार", "माझं", "नाही" म्हणतं. ते तसं म्हणालं नाही तर मला जास्त काळजी वाटेल. त्यामुळे केवळ हुकूम सोडतं म्हणून घाबरू नका.

मी पालकांना एक गोष्ट बघायला सांगते: हट्ट पुरवल्यानंतरचा चेहरा. नेहमीच्या हट्टात हवं ते मिळालं की मूल खुलतं, आपल्याकडे बघतं, थोडं मिरवतंसुद्धा. दुसऱ्या प्रकारात मिळाल्यावर आनंद दिसत नाही. नुसता सुटकेचा श्वास असतो, आणि दोन मिनिटांत पुढचा नियम तयार असतो. नेहमीचा हट्ट करणारं मूल रडतारडता डोळ्याच्या कोपऱ्यातून तुमच्याकडे बघतं, वाटाघाटी करतं, "बरं, एकच दे" वर येतं. घाबरलेल्या मुलाला वाटाघाट जमत नाही. बेल वाजून गेली म्हणजे गेली, आणि ती न वाजलेली करता येत नाही हेच त्याला सोसत नाही.

या एका निरीक्षणावरून निदान होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बाकीचा विकास बघावा लागतो. नाव घेतल्यावर वळून बघतं का? दीड वर्षाचं होईपर्यंत विमान, कुत्रा, चांदोमामा बोट करून दाखवतं का, म्हणजे फक्त मागण्यासाठी नाही तर "बघ न!" असं सांगण्यासाठी? बाहुलीला खोटं-खोटं जेवू घालतं का? दुसरं मूल पडून रडलं तर त्याच्याकडे लक्ष जातं का? आवडता खेळ तुमच्या तोंडाकडे बघून हसत खेळतं, की तुम्ही तिथे नसलात तरी चालतं? यातल्या दोन-तीन गोष्टी कमी असतील आणि सोबत घरभर नियम असतील, तर डॉक्टरांना दाखवायची वेळ झाली आहे असं समजा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाळणी आहे. बालरोगतज्ज्ञ ती तुमच्याकडून भरून घेतात. तीही चाळणीच आहे, निकाल नाही.

आणि एका बाबतीत थांबायचं नाही: मूल आधी बोलत असलेले शब्द बोलेनासं झालं, बोट दाखवायचं सोडलं, हसायचं सोडलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. "बोलेल हळूहळू, याचा बाप पण उशिराच बोलला होता" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मी आधी तारखा विचारते.

हुकुमाच्या खाली काय असतं

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी ११ मुलांचं वर्णन लिहिलं, आणि स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, आजचा अभ्यास तिथून सुरू झाला असं मानतात. सगळं होतं तसंच राहावं यासाठी त्या मुलांची चाललेली काळजीभरली धडपड त्यांनी तेव्हाच टिपली होती. आजही स्वमग्नतेच्या निदानात ही सारखेपणाची ओढ एक लक्षण म्हणून बघतात. तुमच्या घरातला बेलचा नियम या ओढीतून आलेला असू शकतो.

पण कारण तेवढं एकच नसतं. एका घरी मे महिन्यात मुलगा कूलर लावूच देत नव्हता. बाहेर ४५ डिग्री, आजी घामानं बेजार, आणि कुणी बटणाजवळ गेलं की हा त्याच्या अंगावर धावून जायचा. सगळ्यांना वाटलं, घरच्यांना छळायला करतो. नीट पाहिल्यावर दिसलं की कूलर चालू असताना तो मजेत खेळतो. त्रास होता तो कूलर सुरू होतानाच्या दणक्याचा. मग तो आंघोळीला गेला की कूलर लावायचा असं ठरलं, आणि काही दिवसांनी बटण त्याच्याच हातात दिलं: "तीन म्हटलं की तू दाब." दणका कधी येणार ते आता त्यालाच ठाऊक होतं, आणि भांडण तिथेच संपलं. आवाज, कपड्याचा शिवणीचा भाग, केस कापणं, पदार्थांचे वास, तोंडात येणारे वरणातले गोळे: हुकूम दिसला की आधी याच बाजूनं बघा. इथले उपाय सगळ्यात सोपे असतात.

कधी खाली भाषा असते. दुसरी मुलं भराभर बोलतात, खेळ क्षणाक्षणाला बदलतो, आणि या मुलाला ते झेपत नाही. मग ते स्वतःच दिग्दर्शक होतं, कारण स्वतःच्या गोष्टीत पुढचं वाक्य त्याला माहीत असतं. मुलींमध्ये हे फार सहज नजरेतून सुटतं. "आमची ना, सगळ्यांची ताई आहे, सगळ्यांना शिकवते," असं कौतुकानं सांगतात. तिला दुसऱ्या मुलीनं ठरवलेला खेळ खेळता येतो का, ते एकदा बघा.

काही मुलांना अमुकच एक गोष्ट नको असते असं नाही, "हे कर" असं म्हटलेलंच सोसत नाही. आवडीचं आइस्क्रीम खायला बोलावलं तरी नाही म्हणतात, सबबी काढतात, गमती करून विषय बदलतात, आणि शेवटी फुटतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ न्यूसन यांनी १९८०च्या दशकात अशा मुलांचं वर्णन केलं, हल्ली पालक मोबाईलवर वाचून "पीडीए असेल का?" (म्हणजे सांगितलेली कुठलीही गोष्ट टोकाची टाळणं) असं विचारतात ते हेच. डॉक्टर निदानासाठी ज्या याद्या वापरतात त्या डीएसएम-५ मध्ये किंवा आयसीडी-११ मध्ये हे वेगळं निदान म्हणून नाही, आणि तज्ज्ञांमध्ये त्यावर मतभेद आहेत. मी ते कागदावर लिहीत नाही, पण अशा मुलाशी बोलायची रीत वेगळी ठेवते. ती खाली सांगते.

कानानं कमी ऐकू येणारं मूलही असंच वागू शकतं, कारण त्याला अर्धंच कळतं. ज्याला थांबणं जमत नाही, ज्याचा हात विचाराच्या आधी पुढे जातो, तेही हुकमी दिसतं. त्यात एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं, असू शकते, पण चार वर्षांच्या आत ते सहसा ठामपणे सांगत नाहीत. घरातली भांडणं, मारहाण, आईचं बाळंतपण, घर बदलणं यांनीही मूल असं होतं. आणि आठ-दहा दिवसांतच नियम अचानक वाढले असतील तर पोट साफ होतं का, दात किडला आहे का, कान दुखतो का, झोप किती होते, हे आधी पाहा. ज्याला दुखतं आहे हे सांगता येत नाही, ते मूल बाकी सगळं आवळून धरतं.

वही ठेवा

यापुढचं सगळं या वहीवर उभं आहे. पंधरा दिवस, रोज जास्तीत जास्त दोन प्रसंग लिहा. आधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, त्यानंतर आपण काय केलं, एवढंच. "हट्टीपणा केला" असं लिहायचं नाही. "आई उठली, त्यानं पदर धरला, 'बस' म्हणाला, आई बसली" असं लिहायचं. वेळ, वार, झोप आणि घरात कोण होतं ते बाजूला टाका.

एका घरातली वही मला नेहमी आठवते. साडेतीन वर्षांची मुलगी संध्याकाळी सगळ्यांना आपापल्या ठरलेल्या जागी बसवायची: आजोबा खुर्चीत, आजी दिवाणावर, आई स्वयंपाकघराच्या दारात. कुणी हललं की किंचाळायची. काही आठवडे हे कमी असायचं, काही आठवडे असह्य. वडील हिंगणा एमआयडीसीत कामाला, आणि त्यांची पाळी आठवड्याला बदलायची. वहीत वार लिहिले होते म्हणून दिसलं की पाळी बदलली की मुलीचे नियम चढतात. बाबा आज रात्री घरी असणार की सकाळी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला काय कळणार, असं सगळ्यांना वाटत होतं. ज्या माणसाचा भरवसा नव्हता त्याला धरता येत नव्हतं, म्हणून तिनं उरलेल्यांना धरून ठेवलं होतं.

उपाय पुठ्ठ्याचा होता. दाराजवळ सात खिसे, प्रत्येक दिवसाला एक. बाबांचा फोटो आणि त्यावर सूर्य किंवा चंद्र. रविवारी जेवण झालं की बाबा स्वतः तिच्यासोबत बसून आठवडा लावायचे, आणि रोज निघताना ती त्या दिवसाचं चित्र उलटं करायची. आजोबांना खुर्चीतून उठायची परवानगी मिळायला वेळ लागला, पण मिळाली, आणि ती कुणी भांडून मिळवली नाही.

रोजचं करायचं काम

स्वस्तात देता येईल तिथे ताबा देऊन टाका. वाटी निळी की स्टीलची, आधी दात की आधी कपडे, पायऱ्या मोजत उतरायच्या की उड्या मारत. पर्याय दोनच, दोन्ही तुम्हाला चालणारे, आणि शक्यतो हातात धरून दाखवलेले. "काय खाशील रे राजा?" हा प्रश्न अशा मुलाला जड जातो.

पुढे काय होणार ते दिसेल असं सांगा. नुसते शब्द विरून जातात. चित्र भिंतीवर राहतं. "आधी" आणि "मग" असे दोन चौकोन पुरतात: आधी आंघोळ, मग पाण्याचा ट्रक. मोबाईलवर काढलेले घरातल्या वस्तूंचे फोटो छापून घ्या. विकतच्या चित्रांपेक्षा ते मुलाला लवकर कळतात. वेळ संपण्याआधी खूण द्या, आणि दिलेली खूण पाळा. "पाच मिनिटं" म्हणून अर्धा तास फोनवर बोलत बसलात, तर पुढच्या वेळी तुमच्या पाच मिनिटांवर ते विश्वास का ठेवेल?

"आज बदल आहे" असं सांगणारं एक वेगळं चित्र ठेवा. मी नारंगी गोल वापरते. पहिल्यांदा ते चांगल्या बदलांसाठीच वापरायचं: आज पोह्यांऐवजी त्याचा आवडता शिरा, आज झोक्यावर दोनदा. बदलाचं चित्र म्हणजे संकट नाही हे अंगात मुरल्यावरच ते दवाखान्यासाठी वापरा.

आता बेलचा नियम सैल कसा करायचा ते नीट सांगते, कारण घाई इथेच होते. रडणं चालू असताना नियम बदलायचा नाही. दुपारी, सगळे निवांत असताना, कुठे जायचं-यायचं नसताना, दाराशी खेळ मांडा. आधी बेल तोच वाजवेल, तुम्ही आत जाऊन दार उघडून "कोण आलं?" म्हणा. मग त्याचा हात तुमच्या हातावर ठेवून दोघं मिळून वाजवा. मग बाहुलीची पाळी, मग त्याची. मग बाबांची पाळी, पण लाइटचं बटण त्याचं. प्रत्येक पायरीवर हसतखेळत काही दिवस राहा. खेळात जमलं की खऱ्या येण्याच्या वेळी, खाली लिफ्टजवळच चित्र दाखवून सांगा: "आज बेल बाबा, लाइट तू." बिनसलं तर एक पायरी मागे या. न सांगता, "बघू या काय करतो ते" म्हणून अचानक बेल वाजवून परीक्षा घेऊ नका. त्यानं त्याची भीती खरी ठरते आणि नियम दुप्पट होतात.

माणसांच्या तोंडावर आणि अंगावर चालणारे हुकूम याच रीतीनं सोडवायचे, पण हे काम लांबवू नका. आईनं बोलायचं नाही, आजीनं गायचं नाही, हे घरानं कायमचं मान्य केलं तर वर्षभरात आई स्वयंपाकघरात कोंडली जाते. आजी एकच ओळ म्हणेल आणि थांबेल. ओळ संपणार आहे हे त्याला कळलं पाहिजे, म्हणून बोट दाखवून एक मोजायचं. पुढच्या आठवड्यात दोन ओळी. आवाजाचा त्रास असेल तर आजी हळू म्हणेल किंवा तो दुसऱ्या खोलीत जाईल; तिकडे जायची मुभा त्याला, गायची मुभा आजीला.

काही गोष्टींवर मात्र मुलाचं काहीही चालायचं नाही, आणि त्या मोजक्याच असू द्या: रस्त्यावर हात धरायचा, मारायचं-चावायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही, औषध घ्यायचं. या गोष्टींना "घेशील का?" असं विचारूच नका. विचारलं आणि "नाही" आलं की तुम्ही अडकलात. "औषधाची वेळ. चमचा की कप?" एवढंच.

ज्याला सांगितलेलंच सोसत नाही त्याला सरळ आज्ञा कमी द्या. "चप्पल घाल" याऐवजी चपलांकडे बघून "लाल चप्पल कुठे लपली बरं?" किंवा "मला हे बक्कल लागत नाही" असं म्हणून तिथून थोडं दूर व्हा. थांबा. हे मूल कोपऱ्यात सापडलं की लढतं. मोकळी जागा दिली की पुष्कळदा आपणहून करतं. ज्या दिवशी त्याचा ताण जास्त आहे, त्या दिवशी अपेक्षा कमी ठेवा. तो लाड नाही.

रडण्याचा कडेलोट झाला की बोलणं बंद. समजावणं, विचारणं, "किती वेळा सांगितलं" हे सगळं त्याला फक्त आवाज म्हणून ऐकू जातं. धारदार वस्तू बाजूला करा, गर्दी हटवा, जवळ पण अंगावर नाही असे जमिनीवर बसा, आणि एकच छोटं वाक्य तेच तेच, हळू आवाजात: "मी आहे." शांत झाल्यावर पाणी. चर्चा त्या दिवशी नको. मार, "पोलीस येईल", "बुवाला देऊन टाकीन" यांनी मूल त्या क्षणी गप्प होतं हे खरं आहे. पण ज्याला आधीच जग भरवशाचं वाटत नाही, त्याचा घरावरचा भरवसाही जातो, आणि पुढच्या आठवड्यात नियम वाढलेले असतात.

घरातली मोठी माणसं

"पोट्टं लई जिद्दी आहे, आईनंच लाडावून ठेवलं." हे वाक्य बोलणाऱ्या आजीवर रागावून उपयोग नसतो, तिनं चार मुलं वाढवलेली असतात आणि तिला तिच्या परीनं मदतच करायची असते. मी आजींच्या हातात वही देते. "आजी, तुम्ही दुपारचं लिहा, तेव्हा आई नसते." वही लिहिणाऱ्या आजीच्या नजरेला आठवड्याभरात बऱ्याच गोष्टी दिसायला लागतात, आणि मग ती माझ्याआधी सांगते की भात गार झाला की जास्त बिनसतं. घरात सगळ्यांनी एकच वाक्य वापरावं, एवढं जमलं तरी खूप. आई "आज बेल बाबा" म्हणाली आणि आजोबांनी दया येऊन परत खाली नेलं, तर मूल गोंधळतं.

भावंडाकडे लक्ष द्या. मोठ्या बहिणीनं रोज प्रवासीच व्हायचं का? तिची एक पेटी किंवा एक कपाट असं असू द्या जिथे धाकट्याचा नियम चालणार नाही, आणि दिवसातला थोडा वेळ आई फक्त तिची.

पोळा, उन्हाळा, लग्नघर

आपल्याकडचं वर्ष अशा मुलाला अवघड जातं. एप्रिल-मेमध्ये ऊन इतकं असतं की संध्याकाळपर्यंत घराबाहेर पडता येत नाही. बालवाडी बंद, वेळापत्रक मोडलेलं, पाहुणे आलेले. त्यात विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. सुटी इतकी लांबली की शाळा हा प्रकारच मुलाला नव्यानं शिकावा लागतो. उघडण्याच्या आठवडाभर आधी रोज त्या रस्त्यानं फाटकापर्यंत जाऊन या, फाटकाचा आणि बाईंचा फोटो भिंतीवर लावा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा पोळा, आणि महाल-इतवारीकडे मारबतीची, म्हणजे इडापीडा जावी म्हणून काढलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक. गर्दी, ढोल, आरोळ्या. राहायला त्या भागात असाल तर आवाज येणारच. आदल्या दिवशी गेल्या वर्षीचा व्हिडिओ आवाज कमी करून दाखवा, कानावर लावायचे हेडफोन जवळ ठेवा, आणि घराची मागची खोली तयार ठेवा. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घरीच सजवा, मैदानात गर्दी व्हायच्या आत जा, आणि "घरी" असं सांगायची खूण मुलाला आधीच शिकवा. त्यानं ती खूण केली की निघायचं, बक्षीस वाटप राहिलं तरी. खूण पाळली जाते हे कळलेलं मूल पुढच्या वर्षी जास्त वेळ थांबतं. मेट्रो मात्र अशा मुलांना फार मानवते: ठरलेली स्टेशनं, ठरलेल्या घोषणा. बाहेर जायची सवय मी पुष्कळांना सीताबर्डीपर्यंतच्या फेरीनं लावली आहे.

कुणाला दाखवायचं

आधी बालरोगतज्ज्ञ, आणि पहिल्या भेटीतच कानाची तपासणी मागा. सरकारी व्यवस्थेत नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे बालरोग आणि मनोविकार विभाग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम (आरबीएसके) २०१३ पासून चालू आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी असते आणि विकासात मागे वाटणारी मुलं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडी सेविकेला "आरबीएसकेची गाडी कधी येणार?" असं विचारा, तिला नेमकं कळतं.

डॉक्टरांसमोर दहा मिनिटं मिळतात आणि नेमकं तेव्हा मूल शांत बसतं. म्हणून वही न्या, आणि दोन व्हिडिओ: एक हुकुमाच्या वेळचा, एक निवांत खेळतानाचा. दुसरा जास्त कामाचा असतो. निदानाला वेळ लागला तरी वाचा-उपचार (स्पीच थेरपी), व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आणि वर सांगितलेलं घरचं काम सुरू करता येतं; त्यासाठी कागदाची वाट बघावी लागत नाही. केंद्र निवडताना एक विचारा: आई किंवा बाबा आत बसू शकतात का? दार लावून घेऊन "तुम्ही बाहेर थांबा, मुलाला आम्ही सरळ करतो" म्हणणाऱ्या ठिकाणी मी कुणाला पाठवत नाही. पूर्ण बरं करायची हमी देऊन पैसे मागणाऱ्यांकडेही नाही.

पुढे निदान झालंच, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवा. कार्ड काढलं म्हणून मूल बदलत नाही, सवलती मात्र मिळतात.

बालवाडीच्या बाईंना द्यायची चिठ्ठी

बाईंच्या वर्गात तीस मुलं असतात, म्हणून चिठ्ठी अर्ध्या पानाची करा. निदान, शंका, रिपोर्ट यातलं काही लिहायची गरज नाही. लिहायचं ते असं: "रांगेत त्याला शेवटी उभं करा, मागून धक्का लागला की घाबरतो. खेळ संपायच्या आधी हाताच्या बोटांनी दोन मोजून दाखवा. दुसऱ्या मुलांना जागेवर बसवायला लागला तर 'जागा बाई ठरवतात' एवढंच म्हणा आणि त्याला खडूचा डबा धरायला द्या. रडायला लागला तर बोलू नका, खिडकीजवळच्या चटईवर बसू द्या. दहा मिनिटांत येतो. वेगळा कार्यक्रम असेल तर आदल्या दिवशी मला कळवा, मी घरून चित्र दाखवून पाठवते." चिठ्ठी दप्तरात टाकू नका, बाईंच्या हातात द्या. आणि ती मदतनीस मावशींनाही वाचून दाखवा, कारण डबा उघडताना आणि बाथरूमला नेताना मुलाजवळ त्याच असतात.